नंदादीपाची काजळी

“तिचा नेम मोडला की नाही… एवढंच सांगा, माई.”

माई शेंदूर कालवत होत्या. परातीत तेल, तेलात शेंदूर, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत केशरी.

“कुणाचा?”

“जयमालेचा. माझ्या धाकट्या जावेचा.”

“तिनं विचारायला पाठवलंय?”

“नाही. माझं मी विचारतेय.”

माई कालवतच राहिल्या.

“आधी दम खा, कुंदा.”

“मला कुठं दम लागलाय?” कुंदा म्हणाली. पण ते चार शब्द बोलतानाही मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला.

देवीचं देऊळ डोंगरावर. माई देवळामागच्या खोलीत राहायच्या. कुठून आल्या, कधी आल्या, कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. खालच्या गावातल्या बायका दर पाडव्याला नेम घ्यायच्या तो माईंसमोर. नवमीला देवीची पहिली ओटी कुणी भरायची तेही माईच सांगायच्या. जिचा नेम अखंड राहिला, तिनं. माईंनी नाव घेतलं की त्यावर पुन्हा बोलणं नाही.

कुंदा देवीसमोर बसली. उजवा पाय काही केल्या मुडपेना. देवीकडे पाय करून बसायचं नाही, म्हणून ती अंग चोरून, तिरकी, खांबाच्या आडोशानं बसली.

माईंनी ते पाहिलं.

“पाडव्याला आम्ही दोघींनी तुमच्यासमोर पाणी सोडलं होतं,” कुंदा म्हणाली. “आठवतं ना?”

“आठवतं.”

डॉक्टरांनी दोघी जावांना एकदमच सांगितलं होतं. साखर वाढलीय. वजन उतरवा, रोज चाला, नाहीतर गोळ्या आयुष्यभराच्या. घरी येऊन सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरसाठी कोण चालतंय? चार दिवस चालाल आणि बसाल. देवीसाठी चाला.

तशा त्या आल्या. माईंनी तळहातावर पाणी दिलं, म्हणायला लावलं… नवमीपर्यंत रोज देवीसाठी चालेन.

जयमाला तेवढंच म्हणाली.

कुंदा थोरली. तिला तेवढं पुरेना. तिनं पुढं जोडलं… रोज डोंगर चढेन. अनवाणी. वाटेत कुठंही न बसता.

आणि आणखी एक गोष्ट तिनं मनातल्या मनात जोडली. नवमीला लग्नातला शालू नेसून, लग्नातलंच ब्लाऊज घालून पहिली ओटी भरेन. शालू काय, कुणालाही अंगभर होतो. ब्लाऊज मात्र भीड ठेवत नाही.

“मग आता तुम्हीच बघा,” कुंदा म्हणाली. “पावसात पायऱ्या शेवाळल्या, ही डोंगरावर आलीच नाही. घरातला जिना चढत होती आणि उतरत होती. म्हणे हाच माझा डोंगर.”

“पडली असती तर?”

“मी नाही पडले.”

माईंनी तेलाची धार थोडी वाढवली.

“खोकला झाला, तर तुळशीभोवती फेऱ्या. त्याही कशा? नव्या नवरीनं वरात घरी येताना चालावं तशा. अडचणीचे दिवस आले की नदीकाठानं फिरायला जाते. आणि पायात काटा मोडला तेव्हा तर खाटेवर बसून नुसते हात वर आणि खाली, वर आणि खाली. तोंडानं देवीचं नाव. त्यावर सासूबाई काय म्हणतात माहितीय? ‘बघ, पोरीनं कशी युक्ती काढली.’ युक्ती! माझी टाच फुटून पायरीला रक्त लागलं, तेव्हा कुणी हूं नाही की चूं नाही.”

“टाच फुटली होती?”

“फुटली होती तर. पण मी थांबले नाही.”

“घरात सांगितलंस?”

कुंदानं टाचेवर साडीचा काठ ओढला.

“सांगितलं नाहीस… मग हूं कुणी म्हणायचं?”

“दिसत नाही का लोकांना?” कुंदा म्हणाली. “तिचं बरं दिसतं.”

एवढ्यात गुरवाची रखमा फुलांची टोपली घेऊन आली. झेंडूचे हार उंबऱ्यावर ठेवत म्हणाली, “अगोबाई, कुंदाताई, आजही एकट्याच? जयमालाबाई नाही आल्या? काय उतरल्यात हो त्या! परवा पाणवठ्यावर पाठमोऱ्या बघितल्या, तर मला वाटलं, कुणाची माहेरवाशीण आली. मीच हाक मारली, कुणाची ग पोर तू?”

ती हसली, आणि तशीच हसत टोपली उचलून गेली.

कुंदानं एक हार ओढून जवळ घेतला. त्यातलं एक फूल दोरा सोडून लोंबत होतं. तिनं ते तोडलंच.

“ऐकलंत?”

“ऐकलं. आज झेंडू चांगला आलाय.”

“माई!”

“बोल ना. मी ऐकतेय.”

“तिच्या बांगड्या सैल झाल्यात. भाकरी थापताना कोपरापर्यंत जातात आणि खळ्ळकन खाली येतात. मुद्दाम करते असं नाही… पण मला ऐकू येतं. जेवताना ऐकू येतं. पूजेत ऐकू येतं. जप करायला बसले की मण्यांऐवजी मी तिच्या बांगड्याच मोजते.” तिचा आवाज खाली आला. “परवा तिनं ट्रंक उघडून लग्नातलं ब्लाऊज काढलं. हुक लागले. सगळेच्या सगळे. धावत स्वयंपाकघरात आली, ‘ताई, बघा ना! तुमचंही काढू का?’ मी म्हटलं, मला वेळ नाही, घटांची तयारी पडलीय.”

यातली एक गोष्ट कुंदानं माईंना सांगितली नाही. तिचं ब्लाऊज तिनं आदल्याच दिवशी, खोलीला आतून कडी लावून, घालून पाहिलं होतं. मधले दोन हुक एकमेकांकडे बघत राहिले. तिनं ते घडी घालून ट्रंकेच्या अगदी तळाशी ठेवलं, वर दोन जुन्या चादरी टाकल्या.

“आणि आता कळस ऐका,” ती म्हणाली. “घट बसल्यापासून तिनं डोंगराचं तोंड पाहिलेलं नाही. आज षष्ठी. नवरात्रात माणूस असेल तिथून देवीपाशी धावत येतं. आणि ही घरात घटासमोर फेऱ्या मारते. माजघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हा नेम झाला?”

“का येत नाही?”

“मला काय ठाऊक?” कुंदानं चटकन देवीकडे पाहिलं, मग हाराकडे. “तिलाच विचारा.”

माईंनी शेंदराचा गोळा परातीच्या कडेला लावला.

“त्या दांडीवरचं फडकं घे. परातीवर टाक. धूळ बसेल.”

कुंदा उठली. म्हणजे उठायला लागली. एक हात खांबावर, दुसरा जमिनीवर, दात ओठांवर. उठून तिनं फडकं काढलं, परातीवर पसरलं, आणि परत जागेवर जायला वळली.

“कुंदा.”

“काय?”

“साडीला मागं हिरवं काय लागलंय?”

कुंदाचा हात मागं गेला. ओलसर लागलं. शेवाळाचा डाग, पसाभर.

“कुठंतरी भिंतीला टेकले असेन.”

“एवढी खाली असते भिंत?”

कुंदा उभीच राहिली. मग खांबाला धरून हळूहळू खाली बसली. या वेळी तिरकी नाही. बसवलं तशी बसली.

गाभाऱ्यात समईची ज्योत होती, तिचा बारीकसा आवाज तेवढा येत होता.

“वडाच्या वळणावर,” कुंदा म्हणाली. “गुडघा काल रात्रीच सुजला होता. तशीच निघाले. वळणापर्यंत आले आणि पाय म्हणाला, नाही. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, नाही. वाटेवर पुढंमागं कुणी नव्हतं… बसले.”

“मग?”

“मग काय, माई! मोडला की माझा. पाडव्यापासूनचा नेम. उन्हाळ्यात पाय पोळले, पावसात घसरले, एकदाही बसले नाही. आणि तीन दिवस उरले असताना बसले.” तिनं पदर तोंडाला लावला. “माझा मोडला. तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते. पण मग तिचा राहिला कसा? मी नेमाला एकदाही वाकवलं नाही. ती रोज वाकवत होती. आणि नवमीला सगळ्या गावासमोर तुम्ही तिचं नाव घेणार. ती ओटी भरणार. त्या… त्या ब्लाऊजात!”

माईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू होतं की नव्हतं, सांगता येणार नाही.

“तू बसलीस.”

“हो.”

“मग उठून वर आली ती कोण?”

“मीच. दुसरं कोण येणार?”

माईंनी समईकडे पाहिलं.

समई तडतडली. ज्योत एकदा लांब झाली, मग बुटकी झाली, आणि तिच्या टोकातून काळ्या धुराची दोरी वर चढू लागली. नवरात्रातली ती समई. घट बसले तेव्हा लावलेली. ती नऊ दिवस अखंड राहायला हवी.

“अगोबाई,” कुंदा म्हणाली, “काजळी धरलीय, माई.”

माईंनी आपले केशरी हात पुढं धरून दाखवले.

“माझं हे असं. तूच बघ.”

बाईला दिवा बघ म्हटलं की तिला बाकी काही आठवत नाही. कुंदा गुडघ्याचं विसरली, ओटीचं विसरली. हात धुतले, पदराला पुसले, गाभाऱ्यात गेली. कोनाड्यात एक निरांजन होतं. त्यात तूप घातलं, फुलवात ठेवली, समईच्या ज्योतीवर ती पेटवली आणि वाऱ्याच्या आड ठेवली. निरांजन नीट लागलं आहे, हे दोनदा पाहिलं. मगच समईला हात लावला.

जुनी वात काडीनं बाहेर ओढली. टोकाला काजळीचं बोंड आलं होतं, काळंभोर, मिरीएवढं. ते तुटून पडलं, आणि समईचं तोंड काळं झालं.

गाभाऱ्यात तेवढा वेळ एकट्या निरांजनाचा उजेड होता. देवीच्या नथीवर तो पुरत होता. बाकी सगळं अंधुक.

कुंदानं समईचं तोंड पुसलं. नवी वात वळून घातली, तेल ओतलं, वात भिजू दिली. घाई केली नाही. मग निरांजनाच्या ज्योतीवर काडी धरून समई लावली.

ज्योत सरळ उभी राहिली. धूर नाही, तडतड नाही.

कुंदानं नमस्कार केला.

“विझली होती ना ग?” माईंनी बाहेरून विचारलं.

“असं बोलू नये, माई!” कुंदा दचकलीच. “नवरात्रात काय हे!”

“मी इथून बघत होते. समई काळी होती.”

“होती काळी. वात बदलायची तर होणारच. पण ज्योत इकडे होती की.”

“कुठं?”

“ही काय, निरांजनात.”

“एवढीशी?”

“एवढीशी असेना. तिच्यावरच ही लावली, तीच ती. लहानथोर कुठून आलं त्यात?”

“म्हणजे अखंड?”

“अखंडच. कुणालाही विचारा.”

“आणि तशीच ठेवली असती तर? काजळीसकट? हातच लावला नसता तर?”

“तर गुदमरली असती. वरवर दिसते मोठी ज्योत, पण आतून…”

कुंदा थांबली.

विझलेली काडी अजून तिच्या बोटांत होती. तिनं ती समईच्या पायाशी ठेवली.

“कुणी शिकवलं हे?” माईंनी विचारलं. सहज, शेजारीण भाजीची कृती विचारते तसं.

“सासूबाईंनी. आम्हा दोघींना. एकीनं निरांजन धरायचं, एकीनं वात बघायची.”

“तू काय करायचीस?”

“मी वात. मी थोरली ना.”

“आणि निरांजन?”

कुंदानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि जरा वेळानं नाव आलं.

“जयमाला धरते.”

माई उठल्या. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी आल्या. केशरी हात अंगापासून दूर धरलेले, कशाला लागू नयेत म्हणून.

“तुझ्या घरी घट बसलेत ना?”

“बसलेत.”

“दिवा?”

“आहे तर. अखंड आहे.”

“सासूबाई बघतात?”

“त्यांना हल्ली दिसतं कुठं? आणि पुरुषमाणसांचं काय सांगावं. मागच्या वर्षी भावोजी वात सारायला गेले, तर तेलात बोट आणि बोटानं टिळा.” ती हसली. हसू अर्ध्यातच राहिलं.

“तू तर इथं आहेस.”

“हो.”

“घरचा दिवा कोणापाशी आहे, कुंदा?”

…

डोंगराखाली कुणाच्या तरी गोठ्यातली गाय हंबरली. तेवढंही वर ऐकू आलं.

कुंदाला माजघर दिसलं. पहाटेचं. घटासमोर घडी घातलेली गोधडी, तिच्यावर जयमाला, केस नुसते गुंडाळलेले. रोज तीच एक गोष्ट म्हणायची. ताई, तुम्ही या जाऊन. मी आहे.

आज थोडं जास्त बोलली होती. कुंदा दाराच्या चौकटीला धरून उतरली, ते तिनं पाहिलं होतं. ताई, पाय बघू जरा?

कुंदा म्हणाली होती, माझ्या पायाकडे बघू नकोस. दिव्याकडे बघ.

आणि जयमालेनं दिव्याकडे पाहिलं होतं.

“तिनंही एकदा म्हटलं होतं,” कुंदा अगदी हळू म्हणाली. “घट बसायच्या आदल्या दिवशी. ‘ताई, दिव्यापाशी एकीनं थांबायला लागेल. एक दिवस तुम्ही जा, एक दिवस मी जाते.’ मी म्हटलं, माझा नेम कडक आहे, मला खाडा चालणार नाही. तुझं काय, तू कुठंही फिरतेस.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, बरं.”

तिनं पदरानं डोळे पुसले. मग नाक. मग उगीचच समईचा पाय पुसला, जिथं तेल सांडलंही नव्हतं.

निरांजन अजून जळत होतं. कुंदानं देवीच्या पायावरचं एक फूल उचललं. फुंकर घालायची नाही, फुलानं दिवा शांत करायचा. ती हात पुढं नेणार, तेवढ्यात माई म्हणाल्या,

“राहू दे.”

“याचं काम झालं, माई.”

“राहू दे. जळेल तेवढं जळेल.”

कुंदानं फूल परत देवीच्या पायावर ठेवलं. दोन्ही ज्योती शेजारीशेजारी होत्या. एक उंच होती, एक बुटकी. देवीच्या नथीत मात्र दोन ठिपके सारखेच दिसत होते.

ती गाभाऱ्याबाहेर आली. पाठ न दाखवता, मागं मागं सरकत. गुडघा उंबऱ्यावर अडला, माईंनी कोपर पुढं केलं. हात केशरी होते, म्हणून कोपर.

“उद्या मला हे चढवणार नाही,” कुंदा म्हणाली. हे शब्द ती मोठ्यानं पहिल्यांदाच म्हणत होती. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. “वडाच्या वळणापर्यंतसुद्धा नाही.”

“नको चढूस.”

“मग माझा नेम?”

माईंनी परातीवरचं फडकं बाजूला केलं. शेंदूर आळला होता. त्यात त्यांनी थोडं तेल घातलं, आणि पुन्हा कालवायला लागल्या.

“माई… नेमाचं काय करू?”

“उद्या दिवा तू राख.”

कुंदा पायरीपाशी थांबली. खाली दूरवर घराचं कौलारू छप्पर दिसत होतं. उद्या पहाटे माजघरात ती असेल. दिवा असेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खांबाला धरून, गुडघा चालेल तेवढं चालणं असेल. आणि डोंगराच्या पायऱ्यांवर दुसऱ्याच बांगड्या वाजतील. वर, आणखी वर, वडाच्या वळणावरून पुढं. रखमा टोपली घेऊन समोर येईल. अगोबाई, जयमालाबाई!

ते नुसतं मनात आलं, तरी छातीत जुनी कळ उठली. कमी झाली होती, पण गेली नव्हती. ती एक पायरी उतरली, आणि न राहवून मागं वळली.

“मी घरात बसायचं. आणि ती वर येणार. सगळी तिलाच बघणार. आणि नवमीला तुम्ही तिचंच नाव घेतलंत तर?”

माई शेंदूर कालवत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं,

“घरात तेल आहे ना पुरेसं?”